साडेआठ टक्क्यांचे रसग्रहण

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील मंद्रूप या गावी बेल्जियन पद्धतीच्या कडक एलचे यथाशास्त्र रसग्रहण करावयाचे झाल्यास ज्या अडचणी उद्भवतात, त्यांत मूळ पेय न मिळणे ही सर्वांत किरकोळ अडचण मानावी लागेल; कारण पेय पुण्या-मुंबईकडून कसेही येऊन पोहोचते, परंतु ते ज्या पेल्यातून, ज्या तापमानाला आणि मुख्य म्हणजे ज्या मुद्रेने प्यावे अशी तज्ज्ञांची आज्ञा आहे, तो पेला, ते तापमान आणि ती मुद्रा ही तिन्ही ज्वारी-उसाच्या या मुलखात एका वेळी जुळून येणे दुर्घट आहे. मंद्रूपला पिणे माहीत आहे, न पिणेही माहीत आहे, आणि दोहोंना तेथे आपापली प्रतिष्ठा व आपापली बदनामी आहे. पण घोटभर घेऊन, डोळे मिटून, ‘लवंग, किंचित संत्र्याची साल, शेवटी मिरी’ असे पुटपुटणे हा जो तिसरा प्रकार, त्याला अद्याप तेथे स्थान मिळालेले नाही. ते का मिळालेले नाही याचा शोध घेऊ लागल्यास मंद्रूपपेक्षा रसग्रहणाविषयीच अधिक माहिती हाती लागते.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. बिअरची मुख्य कुळे दोन : लागर आणि एल. लागरमध्ये यीस्ट थंडीत, दहा अंश सेल्सिअसच्या आसपास, सावकाश व शिस्तीत काम करते. एलमध्ये ते उबेत, साधारण १८ ते २५ अंशांना, काम करते आणि त्या उत्साहात मद्यार्काबरोबर फळांचे व मसाल्यांचे वासही निर्माण करून ठेवते. महाराष्ट्रातील बिअर शॉपीच्या काचेच्या फ्रीजमध्ये जे दिसते ते बव्हंशी लागर असते व त्यातही ‘स्ट्राँग’ असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली ती सौम्य व ५ ते ८ टक्क्यांची ती स्ट्राँग बिअर होय, आणि ८ च्या पुढे बिअर नाही. बेल्जियमची ‘ड्यूव्हेल’ ही फिकट सोनेरी रंगाची एल, जिला या जातीची आदर्श प्रतिमा समजले जाते, ती ८.५ टक्क्यांची असते. म्हणजे जगातील रसिक जिला बिअरच्या सिंहासनावर बसवतात, ती भारतीय मानकाच्या लेखी अर्ध्या टक्क्याने बिअरपणातूनच बाद ठरते. पस्तिसाला अर्धा गुण कमी पडून वर्ष वाया गेलेल्यांना या एलविषयी आपुलकी वाटण्यास हरकत नाही.

या पेयाच्या जन्मकथेत एक दारूबंदी दडलेली आहे, हे तर महाराष्ट्रातील वाचकाला मुळीच परके वाटू नये. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, बेल्जियमचे समाजवादी नेते व तत्कालीन न्यायमंत्री एमिल व्हांदरव्हेल्द यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे झाला. कामगाराने पगाराच्या दिवशी गुत्त्यात बसून जेनेव्हर ही धान्यापासून गाळलेली, जुनिपरच्या फळांचा वास दिलेली दारू ढोसावी व मोकळ्या खिशाने घरी जावे, हे थांबवण्यासाठी त्या कायद्याने गुत्त्यांत गाळीव दारू देण्यास मनाई केली, आणि दुकानातून ती घ्यावयाची तर एका वेळी किमान दोन लिटर घेतली पाहिजे अशी अट घातली. कमी प्यायली जावी म्हणून जास्त घ्यायला लावणारा हा तर्क वरवर विचित्र दिसला तरी त्यामागील हिशेब साधा होता : एवढी रक्कम कामगाराच्या हाती एकरकमी नसते. चौघांनी मिळून वर्गणी काढता येते, ही गोष्ट मात्र ब्रुसेल्सच्या विधिमंडळात कोणास सुचलेली दिसत नाही. बिअरला या कायद्याने हात लावला नव्हता. तेव्हा ज्यांना कडक काही हवे होते त्यांच्यासाठी बिअरवाल्यांनी बिअरच कडक केली. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या मोर्टगाट घराण्याच्या भट्टीने युद्धातील विजयाच्या आनंदात काढलेल्या एलला १९२३ पासून ‘ड्यूव्हेल’, अर्थात सैतान, हे नाव चिकटले. संयमासाठी केलेल्या कायद्याच्या छायेत सैतान वाढीस लागला, आणि कायदा सहा दशकांहून अधिक काळ टिकल्यामुळे त्याला जम बसवण्यास पुरेसा अवधीही मिळाला.

दुसरे जन्मस्थान म्हणजे मठ. सोलापूर परिसरातील वाचकाला मठ म्हटला की अन्नदान, जत्रा आणि शाळा-महाविद्यालये आठवतात, भट्टी आठवत नाही. परंतु ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांनी स्वतःच्या कष्टाने उपजीविका करावी असा दंडक असल्यामुळे त्यांच्यापैकी काही मठ चीज करतात, तर काही बिअर करतात. वेस्टमाल येथील मठाने १८३६ मध्ये बिअर करण्यास आरंभ केला आणि १९३४ मध्ये ‘ट्रिपल’ नावाने ओळखली जाणारी, आज ९.५ टक्क्यांची असलेली सोनेरी एल बाजारात आणली. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की मठातील संन्यासी स्वतःसाठी जी बिअर ठेवतात ती जेमतेम पाच टक्क्यांची असते. कडक माल संसारी लोकांसाठी असतो. वेस्टव्लेटेरन येथील मठ तर आपली १०.२ टक्क्यांची गडद एल विकताना अनेक वर्षे दूरध्वनीवर गाडीचा क्रमांक नोंदवून घेत असे, आणि त्या क्रमांकाच्या गाडीला पुन्हा लगेच माल मिळत नसे. एमएच-१३ क्रमांकाच्या पाट्यांनी रस्ते भरलेल्या सोलापूर जिल्ह्यात ही पद्धत आली असती, तर गावात मोटारसायकलींची देवघेव कोणत्या थराला गेली असती याची कल्पना करता येते.

महाराष्ट्रातही कायद्याचे नाव दारूबंदीचेच आहे. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही अमलात असून, तो मुख्यतः दारू कोणी, कोठे, केव्हा व कोणत्या शुल्कात प्यावी हे सांगतो. पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो : विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, आणि ज्याचा स्वतःच्या चिकाटीवर विश्वास आहे त्याच्यासाठी आजीवन परवाना हजार रुपयांना. ‘आरोग्य राखण्यासाठी’ मद्याची गरज असलेल्या व्यक्तीला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूदही अधिनियमात आहे, आणि तिची शब्दयोजना इतकी गंभीर आहे की ती वाचणाऱ्यालाच किंचित थकवा जाणवू लागावा. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, वाळूज औद्योगिक वसाहतीत तयार झालेली बिअर मंद्रूपला पोहोचते तीही ‘विदेशी मद्य’ या सदराखालीच. खऱ्याखुऱ्या बेल्जियन एलला या व्यवस्थेत विदेशीपणाचा काही विशेष मान मिळत नाही, कारण तो मान वाळूजने आधीच पटकावलेला आहे.

बेल्जियमकडून येऊन महाराष्ट्रात आजवर जे रुजले ते कडक भावंड नव्हे, सौम्य भावंड. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून जागेवरच पाजणारी छोटी भट्टी, सुरू झाली. तिच्यासारख्या भट्ट्यांच्या फळ्यांवर ‘बेल्जियन विट’ हे नाव दिसू लागले, आणि २०१५ मध्ये बाजारात आलेली बिरा ९१ ही तर सुरुवातीला बेल्जियममध्येच तयार करवून आणली जात होती. विट म्हणजे गव्हाची, धणे व संत्र्याची साल घातलेली, पाचेक टक्क्यांची ढगाळ बिअर. बेल्जियममध्ये ती नामशेष झाली असता १९६६ मध्ये हूगार्डन या गावी पीअर सेलिस या दूधवाल्याने तिला पुन्हा जन्म दिला. तिच्यातील धणे मराठी माणसाला सहज पटतात. कडक एलमध्ये मात्र असे ओळखीचे जिन्नस बहुधा घातलेले नसतात. तिच्यातील लवंग-मिरी ही निव्वळ यीस्टची करामत असते, आणि येथूनच रसग्रहण करणारा व मंद्रूपकर यांच्या वाटा वेगळ्या होतात.

रसग्रहणाची सर्वमान्य पद्धत अमेरिकेतील बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने घालून दिली आहे. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचे रसग्रहण लिहून आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही विभागणी परिचित वाटेल, इतकेच की तेथे कविता आधी समजलेली असणे अपेक्षित नसते आणि येथे पेय नंतर समजेनासे होणे गृहीत धरलेले असते.

रूपाचे तीनच गुण असले तरी मंद्रूपात खरी चकमक तेथेच उडते. ड्यूव्हेलचा पेला पोटाला फुगीर व गळ्याशी आवळलेला असून तो बाटलीतील ३३० मिलिलिटर पेयासह त्याचा प्रचंड फेस सामावून घेण्याइतका मोठा केलेला असतो, आणि तळाशी काच कोरून बुडबुडे सतत उठत राहतील अशी व्यवस्था केलेली असते. युरोपीय रसिकाच्या दृष्टीने तो पांढरा, दाट, पेल्याला चिकटत उतरणारा फेस म्हणजे अर्धे सौंदर्य. परंतु ‘अर्धा गिलास फेसच हाय की बे’ ही सोलापुरी प्रतिक्रियाही अशास्त्रीय म्हणता येत नाही, कारण फेस हा शेवटी जागा अडवणारा वायू आहे आणि पैसे द्रवाचे दिलेले असतात. ढाब्यावर स्टीलचा किंवा काचेचा सरळ पेला तिरपा धरून, बाटलीचे तोंड त्याच्या कडेला टेकवून, फेसाला डोके वर काढू न देता ओतण्याचे जे कौशल्य दिसते, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबीपणातून आलेले आहे. त्यातच बाटलीच्या तळाशी गाळ असतो. कडक बेल्जियन एल बाटलीत भरताना थोडी साखर व यीस्ट घालून बाटलीतच तिचे दुसरे किण्वन होऊ देतात, त्यामुळे वायू वाढतो व यीस्ट खाली बसते. जाणकार शेवटचा बोटभर भाग बाटलीत ठेवून देतो किंवा मुद्दाम हलवून वेगळा पितो. बिअर शॉपीच्या गिऱ्हाइकाने मात्र बाटली उजेडात धरली, तिच्यात काही तरंगताना पाहिले आणि तारीख तपासून ती परत केली, तर दोष त्याचा नाही. तळाशी काही दिसले की परत करावे हे शहाणपण त्याने याहून वाईट बाटल्यांकडून शिकलेले असते.

तापमानाला गुणपत्रिकेत स्वतंत्र रकाना नाही, पण सारे त्याच्यावरच अवलंबून आहे. अशी एल ८ ते १२ अंशांना द्यावी असे सांगतात, कारण त्याखाली गारठलेल्या पेयाचा वास वर येत नाही. मंद्रूपला याच्या उलट गरज आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकला असता दुकानदाराला पहिला प्रश्न ‘चिल्ड हाय का?’ हा असतो, आणि त्याला ‘दहा अंशांवर आहे’ असे उत्तर दिल्यास त्याचा अर्थ फ्रीज बिघडला आहे किंवा वीज गेली आहे असाच घेतला जाईल. शिवाय बिअर शॉपीत बसून पिण्यास परवानगी नसते. त्यामुळे बाटली शेताच्या बांधावर, बाभळीच्या विरळ सावलीत पोहोचेपर्यंत आदर्श तापमानाची खिडकी उघडून मिटलेली असते.

वासाच्या १२ गुणांत बेल्जियन एलची सारी इभ्रत पणाला लागते. यीस्ट जे एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगे, तयार करते त्यांत आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे प्रमुख असते व त्याचा वास पिकल्या केळ्याचा असतो; फिनॉल गटातील ४-व्हिनाइल ग्वायकॉल हे लवंगेचा भास देते. रसग्रहण करणारा ‘केळे’ म्हणून थांबतो व श्रोत्यांकडून दाद अपेक्षितो. सोलापूर जिल्ह्यातील श्रोता मात्र येथे थांबत नाही, कारण करमाळा तालुक्यातील कंदरची केळी परदेशी जातात हे त्याला ठाऊक असते. केळे जी-नाइन जातीचे आहे की देशी, झाडावर पिकलेले की रायपनिंग चेंबरमधले, अशी चौकशी तो करतो, आणि अशा उलटतपासणीपुढे बहुतेक रसिकांचे केळे टिकत नाही. ‘केळ्याचा वास येऊ लालाय, मग केळंच का खाऊ नये?’ या प्रश्नाला तर गुणपत्रिकेत उत्तरच नाही.

चवीचा रकाना सर्वांत मोठा, आणि तेथे मंद्रूपचा निकष एकच : टक्के किती? हा प्रश्न रसिकाला असंस्कृत वाटतो, कारण बेल्जियन एलचे कौतुकच असे की तिच्यातील मद्यार्क जाणवू नये, तो लपावा. पण लपवलेल्या वस्तूची किंमत मोजणाऱ्याने ती आत आहे ना हे विचारणे व्यवहाराला धरूनच आहे. तोच हिशेब पुढे नेला असता ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क भरतो, ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरमध्ये ५२, आणि साडेआठ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या बेल्जियन एलमध्ये जेमतेम २८. हे तीन आकडे ज्याला तोंडपाठ आहेत, त्याच्यासमोर संत्र्याच्या सालीची तरफदारी करणे धाडसाचे ठरेल. या अंकगणितात आरोग्याला वा चवीला जागा नाही हे खरे. पण रसग्रहणाच्या भाषेतही खिशाला जागा नसते, आणि दोन्ही गणितांत एकेक रकाना सोयीस्कर रीतीने कोरा ठेवलेला आहे.

एका बाबतीत मात्र मंद्रूपकर हा बेल्जियन भट्टीवाल्याचा सख्खा व्यवसायबंधू शोभतो, आणि ती बाब म्हणजे साखर. सोनेरी कडक एलमध्ये बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, बीटापासून केलेली साखर घालतात. ती गोडीसाठी नसते. यीस्ट ही साखर पूर्णपणे संपवते व तिचा मद्यार्क करते, त्यामुळे पेय कडक होऊनही दाट किंवा चिकट न होता कोरडे, हलके राहते. म्हणजे गोडी कमी राहावी म्हणून साखर घातली जाते. उसाचे मळे आणि भंडारकवठ्यासारख्या ठिकाणी साखर कारखान्याची धुराडी असलेल्या तालुक्यात साखरेपासून मद्यार्कापर्यंतचा हा प्रवास कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की येथे साखर पोत्यात जाते व मागे राहिलेल्या मळीतून मद्यार्क निघतो, तर बेल्जियन माणूस चांगली साखरच त्यात ओततो, आणि साखरेच्या भावावरून आंदोलने पाहिलेल्या मनाला ती उधळपट्टी वाटणे स्वाभाविक आहे.

ज्वारीचे काय, असा प्रश्न येथे अपरिहार्यपणे येतो, कारण मोहोळच्या संशोधन केंद्रातून प्रसिद्धीस आलेली मालदांडी ३५-१ ही याच जिल्ह्याची रब्बी ज्वारी, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ज्वारीची बिअर आफ्रिकेत जुनी आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये परदेशी बार्ली-माल्टची आयात बंद केल्यावर तेथील मोठ्या भट्ट्याही ज्वारी-मक्यावर आल्या. परंतु ज्वारीच्या दाण्याला बार्लीसारखे साल नसते, आणि भट्टीत तेच साल चाळणीचे काम करत असते. शिवाय ज्वारीचा स्टार्च फुलण्यास जास्त तापमान लागते व त्याचे साखरेत रूपांतर करणारी विकरेही तिच्यात कमी असतात. तंत्राने हे सारे सोडवता येते. न सुटणारी अडचण अशी की मालदांडीला भाकरीसाठीच चांगला भाव मिळतो, आणि धान्यापासून मद्य करण्याच्या शासकीय धोरणावरून २००७ नंतर महाराष्ट्रात जे वादळ उठले त्याची आठवण अद्याप ताजी आहे. हुरड्याची एल पुण्यातल्या एखाद्या फळ्यावर कधी झळकल्यास नवल नाही. मंद्रूपात ती मागणारा निघाला, तर गावातील ज्येष्ठ त्याच्या घरच्यांना निरोप धाडतील.

तोंडातील स्पर्शाच्या पाच गुणांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. बुडबुडे भरपूर व पोत हलका असला की ते मिळतात. पण स्पर्शाचा विषय निघाल्यावर चखण्याचा विचार टाळता येत नाही, आणि सोलापुरात तो विचार शेंगा चटणीपाशी येऊन थांबतो. कडक एलमधील वायू चटणीचे तेल जिभेवरून खरवडून काढतो, येथपर्यंत जोडी उत्तम जमते. पुढे घोटाळा होतो. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या ग्राहक-प्रथिनाला चेतवते, त्याचे नाव टीआरपीव्ही-१; ते मुळात ४२ अंशांच्या आसपासच्या उष्णतेची वर्दी देण्यासाठी असते, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यातील दुपारची वर्दी देणे हेच त्याचे निसर्गदत्त काम म्हणावे लागेल. मद्यार्क ही पातळी सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली आणतो, आणि शरीर स्वतःच ३७ अंशांचे असल्यामुळे निव्वळ जिवंत असण्यानेही जळजळ होऊ लागते. ‘घसा जळू लालाय’ या उद्गाराला त्यामुळे शरीरशास्त्राचा पूर्ण आधार आहे. बेल्जियमचे लोक या एलबरोबर चीज खातात.

राहता राहिले एकूण परिणामाचे दहा गुण. गुणपत्रिकेच्या मते ते रसग्रहणास बसलेल्यानेच द्यावयाचे असतात. दक्षिण सोलापूर तालुक्यात मात्र ते देण्याचा अधिकार बहुधा न बसलेल्यांकडे असतो. याच तालुक्यातील मुळेगाव तांड्यावरची हातभट्टी बंद करून तेथील कुटुंबांना दुसरे उद्योग मिळवून देण्यासाठी सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले होते. तेव्हा मद्याच्या अंतिम परिणामाची चर्चा येथे लवंग-मिरीच्या बऱ्याच पलीकडे गेलेली आहे, आणि रसग्रहणाने तिच्यापासून चार हात दूर राहून बोलावे हेच बरे. स्त्रियांसाठी तर शासनाने स्वतंत्र गुणपत्रिकाच ठरवून दिली आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास परवानाधारक दुकान चालू ठेवावे की बंद करावे यावर गुप्त मतदान घेतले जाते, आणि त्या मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली व आडवी बाटली. उभीला मत म्हणजे दुकान राहावे, आडवीला मत म्हणजे दुकान जावे. आवश्यक तेवढी मते आडवीला पडली की दुकानाला टाळे लागते. वास, रूप, चव व स्पर्श या चारही रकान्यांचा निकाल एका शिक्क्यात लावणारी याहून आटोपशीर पद्धत जगातील कोणत्याही बिअर संस्थेला साधलेली नाही, आणि चित्रातील बाटलीत लागर आहे की एल, हे शिक्का मारणारीने आजवर कधी विचारलेलेही नाही.